पांढरं म्हणजे कुठलं

नारीनच्या वर, रस्ता संपतो त्या गावात,
फेब्रुवारीतल्या एका रात्री
खोलीत एकच दिवा, जुना, तारेचा,
आणि त्याच्या उजेडात सगळंच मधात बुडालेलं:
भिंत, उशी, चहाची वाटी, बुरुलचाचे हात.
पाच दिवसांचं बाळसुद्धा.

"दिव्यामुळं दिसतंय तसं," झयनागुल म्हणाली.
आईनं दुसरं काय म्हणायचं?

काविळीच्या डोळ्यांना जग पिवळं दिसतं म्हणतात.
इथं डोळे सगळ्यांचे धड होते,
कावीळ दिव्याला होती,
बाळाचं मात्र कुणाला सांगता येईना.

फोनवर शहरातला डॉक्टर खरखरत म्हणाला,
"नुसता फोटो नको, बुरुलचा. रंग खरा पाठव."

पहिल्या फोटोत बाळ गुलाबी आलं.
सफरचंदासारखं.
चुलतीनं शुकूर म्हणत छातीवर हात ठेवला,
कुणीतरी चहा ओतायला घेतला.
बुरुलचानं बाळाच्या नाकावर बोट दाबलं, उचललं.
रक्त बाजूला सरलं तेवढ्या क्षणात
खाली जे दिसलं ते सफरचंद नव्हतं.
कॅमेरा आपल्या मनानं चालत होता:
खोलीत पिवळं फार झालंय असं त्याला वाटलं,
त्यानं ते पुसलं,
दिव्याचं आणि बाळाचं, एकाच फडक्यानं.

मग पांढऱ्याचा शोध.

आजोबांनी डोक्यावरची टोपी उतरवली,
नमद्याची, उंच, लग्नातली.
"याहून पांढरं या घरात काही नाही."
तिनं मान ठेवला, टोपीचा फोटो घेतला,
तेच पांढरं असं कॅमेऱ्याला सांगितलं.
चाळीस हिवाळ्यांचा धूर त्या लोकरीत,
तो पांढरा धरल्यावर
बाळ ताकाच्या निवळीसारखं निळसर.

थोरला पोरगा अनवाणी धावत गेला
आणि वाडगाभर बर्फ घेऊन आला.
ती बटणं शोधेपर्यंत
वाडग्यात पाणी, आणि पाण्यात पिवळा दिवा.

शेवटी तिनं पिशवीतून गॉजचं पाकीट काढलं,
न उघडलेलं.
चौपदरी घडी करून बाळाच्या गालाशी धरली,
त्याच उजेडात, आपली सावली पडू न देता.
चौकटभर फक्त कापड.
कॅमेऱ्याची नजर ठरेना,
कोऱ्या गोष्टीवर तिला पकडायला काही सापडेना;
तिनं भिंग हातानं फिरवलं, दाबलं.
मग यादीत खाली, आणखी खाली,
दोन त्रिकोण, मधे एक चौकोन.
हे. हे पांढरं.
बाकीचं यावरून ठरव.

आता भिंत चुन्याची झाली, थोडी मळकी, होती तशी.
टोपी सायीच्या रंगाची.
आजोबांनी पडद्यावर पाहिली
आणि काही न बोलता परत डोक्यावर चढवली.
आणि बाळ जर्दाळूसारखं पिवळं,
कपाळापासून बेंबीच्याही खाली.

झयनागुलनं पडदा पाहिला.
मग दिवा पाहिला.
मग दिव्याबद्दल ती काही म्हणाली नाही,
बाळाला गुंडाळायला लागली.

उत्तर दोनच शब्दांचं आलं: आत्ता निघा.
शेजारच्या ओर्मोनची जीप तिसऱ्या किल्लीला चालू झाली.

सकाळी इस्पितळाच्या आवारात
बुरुलचानं उगाच एक फोटो काढला,
कुंपण, त्यावरचा बर्फ, एक कावळा.
बर्फ निळा आला,
धोब्यानं नीळ जास्त टाकावी तसा.
कॅमेरा अजून त्या खोलीतच होता,
त्या दिव्याखाली, दिलेल्या शब्दाला धरून.
तिचं बोट बटणावर गेलं,
तिथंच थांबलं.

वर तिसऱ्या मजल्यावर
निळ्या दिव्यांखाली बाळ उघडं झोपलेलं,
डोळ्यांवर बांधलेली
गॉजची तीच घडी.